बेसबॉलमधील शकुन-अपशकुन: काय जपावे, काय सोडावे

फाउल लाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) पाय न ठेवणे, संघ जिंकत असेपर्यंत मोजे न धुणे, हिट मिळाली (म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचता आले) की तीच बॅट उराशी धरून बसणे, अशा समजुती बेसबॉलच्या प्रत्येक संघात आढळतात. त्या हसण्यावारी नेऊ नयेत, कारण त्यांच्यामागे खेळाडूची खरी अस्वस्थता असते. मात्र त्यांच्या आहारी जाणे अधिक घातक आहे.

प्रथम या समजुती कोठे उगवतात ते पाहावे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांना ट्रोब्रियंड बेटांवर असे दिसले, की किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासेमारी करताना लोक मंत्रतंत्र करत नसत, पण बेभरवशाच्या खुल्या समुद्रात जाताना आवर्जून करत. पुढे, स्वतः मायनर लीगमध्ये (अमेरिकेतील दुय्यम व्यावसायिक स्पर्धांत) खेळलेले अभ्यासक जॉर्ज ग्मेल्च यांनी हाच विचार बेसबॉलला लावला. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतील फील्डर शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा आपले काम चोख करतात, तर दहापैकी तीन वेळा हिट मिळवणारा बॅटर उत्तम गणला जातो. म्हणूनच तोडगे बहुतांशी बॅटर आणि पिचर (चेंडू फेकणारा) यांच्याभोवती जमतात.

आता आपल्या सर्व सवयी कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे माझे शरीर किंवा लक्ष स्थिर होते, की केवळ एखादी वस्तू हरवण्याची भीती वाढते? मेजर लीगमधील नामवंत बॅटर वेड बॉग्ज प्रत्येक सामन्यापूर्वी चिकन खात आणि रात्रीच्या सामन्याआधीचा बॅटिंगचा सराव बरोबर 5 वाजून 17 मिनिटांनी सुरू करत. चिकनने हिट मिळत नाही, हे उघड आहे. परंतु ठरलेल्या वेळी जेवण आणि ठरलेल्या वेळी सराव ही शिस्त कोणत्याही खेळाडूने उचलावी अशीच आहे.

बॅटरचा विधी आटोपशीर असावा. मेजर लीगमध्ये 2023 पासून पिच क्लॉक, म्हणजे पुढचा चेंडू टाकण्यापूर्वीचा वेळ मोजणारे घड्याळ, आहे. घड्याळात 8 सेकंद उरेपर्यंत बॅटर सज्ज नसेल तर त्याच्यावर आपोआप स्ट्राइक लागतो (असे तीन झाले की बॅटर बाद). मागचा पाय मातीत रोवणे, बॅटवरील एका खुणेवर नजर ठेवून दीर्घ श्वास सोडणे आणि मग पिचरकडे पाहणे, एवढे पुरेसे आहे. हातमोज्यांचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळण्याची सवय सरावातच मोडावी.

नशीब मात्र खरे आहे, आणि ते ओळखायला शिकणे हा या विषयातील सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो. बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूंपैकी, होमरन (थेट मैदानाबाहेर टोलवलेले चेंडू) वगळता, साधारण तीस टक्क्यांच्याच हिट होतात. जोरदार मारलेला चेंडू सरळ शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधील फील्डरच्या) हातात जातो आणि कसाबसा लागलेला चेंडू मोकळ्या जागी पडतो. त्यामुळे आठवडाभर हिट मिळाली नाही, तर मोजे बदलण्याऐवजी किती चेंडू खणखणीत लागले याची नोंद ठेवावी. ते प्रमाण टिकून असेल, तर तंत्राला हात लावू नये.

पिचरचा नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देणारा सामना) चालू असताना डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेत, त्याचा उल्लेख न करण्याची प्रथा पाळावी, परंतु ती पिचरचे लक्ष विचलित होऊ नये एवढ्यासाठीच. 1956 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) पिचर डॉन लार्सन यांनी स्वतःच सहकारी मिकी मँटल यांच्याजवळ विषय काढला, तेव्हा मँटल बाजूला निघून गेले. तरीही लार्सन यांनी परफेक्ट गेम, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देणारा सामना, पूर्ण केला. म्हणून पिचर आपणहून बोलू लागला तर तोंड फिरवू नये, त्याच्याशी नेहमीसारखेच बोलावे.