कोब्लेंत्सहून बोटीने मार्क्सबुर्ग, पोरं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा येतात, आठ दिवस फ्रँकफुर्टच्या बाल्कनीत बसून कंटाळतात आणि मग "ती ऱ्हाइन नदी दाखवा की एकदा" सुरू होतं. आमच्याकडे तीन वेळा झालंय. पहिल्या वेळेला मी जे जे चुकवलं त्यावरून हे लिहितेय.

किल्ला कुठला? ऱ्हाइनवर बिंगेन ते कोब्लेंत्स या ६५ किलोमीटरच्या पट्ट्यात (२००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे हा) किल्ले ढिगाने आहेत, पण बरेचसे एकतर पडलेले नाहीतर एकोणिसाव्या शतकात कुणा राजाने हौसेने नव्याने बांधलेले. ब्राउबाख गावावरचा मार्क्सबुर्ग हा इथला कधीच उद्ध्वस्त न झालेला एकमेव डोंगरी किल्ला. पोरांना खरा किल्ला दाखवायचा तर हाच, बाकीचे बोटीतून बघायचे.

आता प्लॅन. आधी टूर बघा, मग बोट. मार्क्सबुर्गमध्ये आत आपल्याआपण फिरता येत नाही, गाईडबरोबरच जायचं, साधारण पाऊण-एक तास लागतो, आणि इंग्लिश टूर दिवसात मोजक्याच असतात. किल्ल्याच्या वेबसाइटवर त्या दिवसाची इंग्लिश टूर बघायची, तिच्या निदान दोन तास आधी ब्राउबाखला पोचणारी बोट धरायची. मी पहिल्यांदा उलटं केलं, आरामात बोट निवडली, वर पोचलो तेव्हा इंग्लिश टूर गेलेली, मग अख्खा तास जर्मनमधून ऐकून सासऱ्यांना भाषांतर करत बसले, त्यात "तोफ" आणि "तट" सोडून मला तरी काय कळत होतं!

दुसरं म्हणजे बोट फक्त जाताना. ब्राउबाख कोब्लेंत्सच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे जाताना बोट प्रवाहाविरुद्ध, तास-सव्वातास लागतो, आणि तोच तास मजेचा असतो. संध्याकाळी पोरं पेंगुळलेली, त्यात परतीची बोट चुकली तर पुढची कधी कोण जाणे, त्यापेक्षा ब्राउबाखहून ट्रेन पकडायची. सीझन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. जुनी मोठी कंपनी केडी, १८२६ पासूनची, पण बाकीच्याही छोट्या बोटी असतात. डॉइचलँडटिकेट (महिन्याचा पास) रिजनल ट्रेनला चालतं, या बोटींना नाही, इथे बरेच जण फसतात. आणि आदल्या रात्री टाइमटेबल परत एकदा बघा, कारण खूप पाऊस झाला तर पूर आणि कोरडा उन्हाळा गेला तर पाणीच नाही, दोन्ही वेळेला फेऱ्या बदलतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वरच्या अंगाच्या काउब गावातल्या पाण्याच्या मोजपट्टीवर ३२ सेंटीमीटर उरले होते (नदीची पूर्ण खोली नाही ही, तरी मालवाहू बोटींना बराच कमी माल घेऊन चालावं लागत होतं).

बोटीत बसायचं कुठे? सुरुवातीला उजवीकडे, तिथे पिवळसर श्टोल्त्सेनफेल्स किल्ला दिसतो, तो प्रशियाच्या राजाने पडक्या किल्ल्यावर बांधून घेतलेला. लगेच डावीकडे लान नदी येऊन मिळते, तिच्यावर लानेक किल्ला. मग डावीकडेच थांबा, मार्क्सबुर्ग त्याच अंगाला येतो. फक्त एक घोळ लक्षात ठेवा, जर्मन लोक "उजवा किनारा" म्हणतात तो नदीच्या वाहण्याच्या दिशेने, त्यामुळे आपण उलटं जाताना त्यांचा उजवा आपल्या डावीकडे. पोरांसाठी एक फुकटचा खेळ, किनाऱ्यावर मोठ्या आकड्यांच्या पाट्या असतात, कोन्स्टान्सच्या पुलापासून मोजलेले किलोमीटर. कोब्लेंत्सला ५९१ च्या आसपास, ब्राउबाखला ५८०. माझा मुलगा आकडे ओरडत उतरवत गेला, ५८१ दिसल्यावर बॅग उचलायची असं त्यालाच काम दिलं होतं.

धक्क्यापासून गड पायी वीस मिनिटं ते अर्धा तास, पण सगळी चढण. बाबागाडी नेऊ नका, प्लीज. आम्ही नेली होती. पायऱ्यांवरून दोघांनी पालखीसारखी उचलली आणि वर गेल्यावर ती दारातच ठेवावी लागली, कारण आत उघड्या खडकात कोरलेला घोड्यांचा चढ आहे, ओबडधोबड, ओला असला तर घसरतो. बाळ असेल तर पाठीवरची कॅरिअर, आजी-आजोबांना चांगले ग्रिपवाले बूट. गुडघे दुखत असतील तर कार किंवा टॅक्सीने वरच्या पार्किंगपर्यंत जाता येतं, तिथूनही थोडं चालणं आहेच, आतल्या पायऱ्या मात्र कुणालाच चुकत नाहीत.

आमचे सासरे साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्यावर रोज फिरायला जाणारे, खालून बघून म्हणाले "एवढाच?" आणि खरंय, सह्याद्रीतले गड बघितलेल्या माणसाला हा वाड्याएवढा वाटतो. पण आत गेल्यावर ते गप्प झाले, कारण आपल्याकडे जोती उरलीत आणि इथे स्वयंपाकघर उभं आहे, माणूस उभा राहील एवढी चूल, वर टांगलेली भांडी. मग दालनाच्या भिंतीतून बाहेर काढलेला संडास, थेट खाली मोकळा! पोरं तिथून हलेनात, आणि सासरे "रायगडावर पण शौचकूप आहेत, आपल्याकडे पण होतं" हे सगळ्या ग्रुपला सांगायला लागले. तोफा नदीकडे तोंड करून आहेत. हे सगळं कशासाठी, तर जकात. काट्सेनएल्नबोगेन नावाच्या सरदारांनी १२८३ मध्ये किल्ला घेतला, खालून जाणाऱ्या बोटींकडून पैसे वसूल करून ते गब्बर झाले. छळाची हत्यारं ठेवलेली एक खोली आहे, सहा-सात वर्षांची पोरं घाबरू शकतात, आम्ही लेकीला घेऊन पटकन पुढे गेलो.

खाण्याचं. वर रेस्टॉरंट आहे, व्हेज माणसाने फ्लामकुखन (पातळ पिझ्झासारखा प्रकार) मागवला तर "ओने श्पेक", म्हणजे बेकनशिवाय, सांगायचं नाहीतर त्यावर डुकराचे तुकडे येतात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, खाली नदीकाठच्या बाकावर बसून खातो. बोटीच्या रेस्टॉरंटमधल्या टेबलावर डबा उघडू नका, वेटर येऊन उभा राहतो.

परतीला महत्त्वाचं, कोब्लेंत्सच्या वर थेट माइन्त्स-वीसबाडेनपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही, फक्त फेरीबोटी. म्हणून कार समोरच्या किनाऱ्यावर बोपार्डला लावून येऊ नका, कोब्लेंत्सलाच लावा. ब्राउबाख स्टेशन गावातच आहे, आरबी १० ही रिजनल ट्रेन एका बाजूला कोब्लेंत्स, दुसऱ्या बाजूला वीसबाडेनवरून फ्रँकफुर्ट. फ्रँकफुर्टवाल्यांनी कोब्लेंत्सला परत जायचंच नाही, सरळ हीच गाडी धरायची, दोन तासांच्या आसपास लागतात, नदीच्या बाजूची म्हणजे उजवीकडची खिडकी पकडा. प्लॅटफॉर्मवर पोरांचा हात धरून ठेवा, मालगाड्या न थांबता सुसाट जातात, इतक्या की बोलणं अर्धवट सोडावं लागतं.