विनोदी प्रहसनाच्या मंचावरची पहिली वर्षे : बेळगाव-खानापूरकडून येणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमात जाऊ पाहणारी मुले-मुली भेटली की निवड कशी होते, हाच प्रश्न आधी विचारतात. तो रास्त आहे. पण मी स्वतः खानापूर तालुक्यातून येऊन अशा एका कार्यक्रमात काही वर्षे काम केले असल्यामुळे मला निवडीनंतरच्या काळाविषयी अधिक सांगावेसे वाटते. आपल्या बोलीमुळे दार उघडू शकते, परंतु आत टिकायचे की नाही हे दुसऱ्याच्या विनोदाला आपण कसा आधार देतो यावरच ठरते, असे माझे मत आहे.

मराठीत हा प्रकार नवा नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि त्यावरील 'गजरा'मध्ये छोट्या नाटुकल्यांना हक्काची जागा मिळाली. पुढे झी मराठीवर २०१० मध्ये 'फू बाई फू' आणि २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या', तर सोनी मराठीवर २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. यांचे साचे निरनिराळे आहेत आणि नवोदिताने तो फरक ओळखून जावे. स्पर्धेच्या साच्यात प्रत्येक प्रहसनाचे मूल्यमापन होते, त्यामुळे स्वतःला सिद्ध करण्याची घाई असते. 'चला हवा येऊ द्या'मधील थुकरटवाडी या काल्पनिक गावासारख्या कायमच्या संचात पाहुणे कलाकार येतात, त्यांच्या चित्रपटाचे विडंबन होते आणि संचातील नव्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा आल्या-गेल्याची, निरोप्याची किंवा शेजारणीची भूमिका येते.

बोलीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीमुळे किंवा प्रभाकर मोरे यांच्या कोकणी ढंगामुळे प्रादेशिक बोली घराघरांत पोहोचल्या, म्हणून लेखक नव्या माणसाला लगेच 'तुमच्याकडचे बोलून दाखवा' असे म्हणतात. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी येणारा 'की', कानडीकडे झुकलेला हेल, आणि बायकांनीही सहज 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणणे, हे सारे त्यांना ताजे वाटते. मात्र मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला बाईच्या तोंडचे 'मी आलो' हे बोलीचे आहे की कलाकाराची चूक, हे पहिल्या वाक्यात कळत नाही. म्हणून आपले पात्र कुठले आहे हे प्रवेशातच कळेल अशी एखादी ओळ लेखकांकडे मागून घ्यावी. बेळगावातल्या वडगावची मावशी म्हणून ओळख झाली की पुढचे सगळे रूप प्रेक्षक आनंदाने स्वीकारतो. हेल काढण्यापलीकडे पात्राला काही करायला नसेल, तर मात्र दोन-तीन भागांतच ते शिळे होते. कानडी बोलणाऱ्या माणसाची टर उडवून मिळणारा हशाही मला कधी पटला नाही. आपल्या गल्लीत दोन्ही भाषा बोलणारी माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. शेजारच्या कानडी घरातही जो विनोद हसू आणतो, तो अधिक काळ चालतो. सीमाप्रश्नावरची कोटी तर वाहिनीवाले संकलनात हमखास काढतात, तेव्हा त्यावर पूर्ण प्रहसन उभे करण्याचा हट्ट धरू नये.

निवडीसाठी हल्ली आधी मोबाइलवर चित्रित केलेला परिचय मागतात. साध्या भिंतीसमोर, उजेडाकडे तोंड करून नाव, उंची, राहण्याचे ठिकाण सांगावे, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवावा आणि एक-दोन मिनिटांचा प्रसंग करावा. तयार विनोद पाठ म्हणण्यापेक्षा एखादे पात्र उभे करणे चांगले. नोंदणीसाठी किंवा भूमिकेसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे.

खरी कसोटी वाचनाच्या खोलीत सुरू होते. प्रक्षेपण आठवड्याचे असले तरी अनेक भाग सलग काही दिवसांत चित्रित होतात. संहिता आदल्या रात्री हातात पडते, सकाळच्या वाचनात बदलते आणि रंगभूषेच्या खुर्चीत बसल्यावरही त्यात एखादी ओळ वाढते. गावच्या जत्रेतील नाटकासाठी महिना-दीड महिना तालीम करणाऱ्या आपल्या माणसाला हे जड जाते. अशा वेळी शब्दांची घोकंपट्टी न करता कोणती माहिती कोणाला कधी द्यायची आहे, एवढा क्रम डोक्यात पक्का करावा. बेळगावच्या शिवजयंतीत चित्ररथावर उभे राहून ढोल-ताशांच्या गजरात संवाद म्हटलेल्यांना आणखी एक सवय सोडावी लागते : कपड्याला लावलेला माइक पुटपुटणेही टिपतो आणि जवळचा कॅमेरा भुवईची हालचाल पकडतो, तेव्हा हात उंचावून फेकलेले वाक्य पडद्यावर नुसता आरडाओरडा ठरते.

समजा, आपण चहाचा ट्रे घेऊन येणारी शेजारीण आहोत आणि आपल्या एका वाक्यावर मुख्य नटाचा पंच, म्हणजे हशा आणणारी ओळ, उभा आहे. अशा वेळी ट्रे ठेवण्याची हालचाल आपल्या वाक्याआधी किंवा वाक्याबरोबरच संपली पाहिजे; त्याच्या पंचवर कपबशी वाजली किंवा आपण पदर सावरला, तर प्रेक्षकांचे डोळे आपल्याकडे वळतात आणि हशा अर्ध्यावर येतो. आपल्या वाक्यातील कामाचा शब्द शेवटी आणि स्वच्छ ऐकू यावा, त्यात आपली स्वतंत्र गंमत घालू नये. पंचनंतर हशाची लाट चढू द्यावी, ती उतरू लागली की पुढचे वाक्य घ्यावे. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबल्यास प्रसंग थंड पडतो आणि हशावरच वाक्य टाकल्यास ते कोणाला ऐकू येत नाही. या कामाची दाद प्रेक्षक देत नाहीत, पण सोबतचे ज्येष्ठ कलाकार ते बरोबर हेरतात आणि पुढच्या वाचनात 'हिला माझ्या स्किटमध्ये द्या' असे दिग्दर्शकांना सांगतात. माझ्या भूमिका वाढत गेल्या त्या याच वाटेने. (समाजमाध्यमांवर स्वतःच्या ओळींचे तुकडे टाकण्यात गुंतलेल्या काही हुशार मुलांना हे उशिरा उमगते, हेही पाहिले आहे.)

पैशांचे गणित थोडक्यात असे : मानधन बहुधा भागाप्रमाणे किंवा दिवसाप्रमाणे ठरते, त्यातून साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला प्राप्तिकर, कापला जातो आणि रक्कम हाती यायला दोन-तीन महिने लागू शकतात. त्यामुळे मीरा रोड किंवा दहिसरकडे चौघी-पाचजणींत घर घेतले तरी सुरुवातीच्या काही महिन्यांचे भाडे जवळ ठेवूनच निघावे. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, हे गावाकडच्या कित्येक कलाकारांना ठाऊक नसते.

शेवटचा मुद्दा कराराचा. त्यात अन्य वाहिनीवर काम न करण्याचे कलम असतेच, पण कधी कधी त्याची भाषा इतकी व्यापक असते की रंगमंचावरचे कामही त्यात अडकते. आपल्या भागातील जत्रेची नाटके आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात आणि चेहरा ओळखीचा झाला की गावाकडून बोलावणी वाढतात. म्हणून सही करण्यापूर्वीच रंगमंचीय प्रयोगांना सूट असल्याचे कलम लेखी मागावे. सुरुवातीला त्यासाठी कोणी फारसे अडवत नाही. कार्यक्रम गाजल्यावर मात्र तेच कलम मिळवायला निर्मात्यांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.