गोल्डन एल चाखायची कशी

आपल्याकडे बिअर मागवताना दोनच गोष्टी विचारल्या जातात: स्ट्राँग की माइल्ड, आणि थंडगार आहे ना? छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुसरा प्रश्न रास्तच आहे. मीही पहिल्यांदा गोल्डन एल प्यायलो ती उन्हातून येऊन, अर्धा ग्लास एका दमात. पाणचट आहे म्हणालो आणि ग्लास बाजूला ठेवला. गप्पांत वीसेक मिनिटं गेली असतील. मग सहज घोट घेतला, तर त्यात मोसंबीच्या सालीचा वास होता आणि मागून मधासारखं काहीतरी येत होतं. बिअर तीच होती, फक्त तिचा गारठा उतरला होता. तेव्हापासून मी ही बिअर वेगळ्या पद्धतीने पितो, ती पद्धत इथे सांगतो.

आधी थोडी ओळख. बिअरच्या दोन मोठ्या घराण्यांपैकी एक लागर, दुसरं एल. वाळूजच्या मोठ्या कारखान्यांतून येणारी, आपल्या ओळखीची बिअर बहुतेक लागर असते. तिचं यीस्ट साधारण 7 ते 13 अंशांत सावकाश काम करतं. एलचं यीस्ट 18 ते 22 अंशांच्या आसपास, जोमाने आंबवतं आणि त्यातून फळांसारखे वास तयार होतात. गोल्डन एल जन्मली इंग्लंडमध्ये, 1980 च्या दशकात. लागरकडे वळलेल्या लोकांना परत एलकडे आणायचं म्हणून तिथल्या छोट्या ब्रुअरीजनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांनी, फिकट, हलकी एल काढली. सॉमरसेटमधली 1986 ची एक्समूर गोल्ड ही त्यातली सुरुवातीची. अल्कोहोल साधारण 3.8 ते 5 टक्के, म्हणजे आपल्या स्ट्राँगपेक्षा बरंच कमी. काळ्या बिअरमध्ये करपवलेल्या धान्याखाली चुका लपतात. हिच्यात लपायला जागाच नाही, आणि म्हणूनच छोट्या ब्रुअरीचा हात कसा आहे ते मी हिच्यावरून ओळखतो.

छोट्या ब्रुअरीत जाण्याआधी

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत आणि पिण्याचा परवानाही लागतो. गाडी घरी ठेवा. आणि हे मनापासून सांगतो: तासदोन तास आधीपासून तंबाखू, गुटखा, पान काहीही नको. चुन्याने आणि काताने जीभ बधिर झाली की पुढचं सगळं वाया जातं. अत्तरही नको, ते तुमच्याच नाही, शेजारच्याच्याही नाकात बसतं. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण मसालेदार नान खलिया खाऊनही जाऊ नका. भाकरी आणि साधं वरण खाऊन निघालात तर उत्तम.

ग्लास आणि गारवा

मोठा पाइंट मागवू नका, शंभर-दीडशे मिलिलिटर पुरे. ग्लास उजेडात धरून बघा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस लगेच बसतो. बिनधास्त बदलून मागा. ओतताना ग्लास तिरका, अर्धा भरला की सरळ, वर दोन बोटं फेस. बर्फात ठेवलेला ग्लास आणला तर तो परत करा.

आता गारव्याचं. ही बिअर 8 ते 12 अंशांना बोलायला लागते, आणि नळातून बहुतेकदा त्याहून गार येते. जीभ गारठली की चव कळत नाही आणि थंड द्रवातून वासही कमी उठतो. म्हणून ग्लास दोन्ही तळव्यांत धरा आणि पाच-सात मिनिटं थांबा. उन्हाळ्यात एवढंही लागत नाही.

बघा, मग हुंगा

रंग घाण्याच्या ताज्या करडई तेलासारखा असावा, फिकट ते लखलखीत पिवळा. छोट्या ब्रुअरीत बिअर बऱ्याचदा गाळत नाहीत, त्यामुळे किंचित धुरकटपणा चालतो.

हुंगणं मात्र सावकाश करायचं काम आहे. ग्लासवर तळहात ठेवा, दोन गिरक्या द्या, हात काढा आणि लगेच दोन-तीन छोटे श्वास घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लवकर सरावतं. काय शोधायचं? मी खिशात मोसंबीची साल घेऊन जातो. जालन्याची मोसंबी असली तर फारच छान. सालीचा तुकडा दोन बोटांत दुमडला की बारीक तुषार उडतो, तो नाकाशी धरायचा, मग ग्लास हुंगायचा. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, वास त्याच नात्यातला असतो. दुसरा वास माल्टचा. बाळाच्या नाचणी सत्वासाठी आपण धान्याला मोड आणतो, वाळवतो आणि हलकं भाजतो; माल्ट म्हणजे जवळजवळ तेच, फक्त बार्लीचं. भाजताना घरात जो गोडसर, बिस्किटासारखा वास भरतो, तो इथे शोधा. पुस्तकी शब्दांच्या मागे लागू नका. लिंबाचा पाला, हुरडा, ओली माती, जे आठवेल ते मोठ्याने म्हणा.

घोट

घोट छोटा नको, तोंडभर घ्या. क्षणभर जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी चव या श्वासात असते. आधी हलका गोडवा, मग कडवटपणा येईल. तो मेथीच्या भाजीइतका असावा, कारल्यापर्यंत जाऊ नये, आणि शेवट कोरडा व्हावा म्हणजे पुढचा घोट घ्यावासा वाटतो. दोन घोटांमध्ये ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा आणि साधं पाणी. मसाला पापड आणि खारे शेंगदाणे पहिले चार घोट झाल्यावर.

खोट कशी ओळखाल

एका ठिकाणी मला घोटागणिक लोण्याचा वास आला, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा. ते डायअसिटिल नावाचं रसायन. आंबवण्याच्या शेवटी यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही की ते मागे राहतं. बिअर वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, त्याने ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, बोलावलं, आणि ब्रुअरने स्वतः चाखून ती टाकी बंद केली. त्याच्याशी वाद घालावा लागला नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. उकडलेल्या मक्याचा, कच्च्या सफरचंदाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास हीसुद्धा खोटच. आंबट लागली तर बहुधा नळ्या धुतलेल्या नाहीत. सांगताना आवाज चढवू नका, पण सांगा.

ब्रुअरला काय विचाराल

गर्दी नसेल तर दोन प्रश्न विचाराच: ही टाकी कधी भरली, आणि पाणी कोणतं? हॉप्सचा वास दिवसागणिक उतरतो, म्हणून ताजी बिअर बरी. पाण्याचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड, त्याने कडवटपणा खरखरीत होऊ शकतो. म्हणून ते आधी शुद्ध करून मग हवे ते क्षार मोजून घालतात. एक लिटर बिअरमागे मोठ्या कारखान्यातही साधारण 4 ते 7 लिटर पाणी जातं, लहान ठिकाणी अनेकदा त्याहून जास्त. टँकरची वाट बघितलेल्या प्रत्येकाला हे विचारायचा हक्क आहे. टाक्या धुतलेल्या पाण्याचं काय करता, हेही विचारा. ज्याच्याकडे सरळ उत्तर असतं, त्याच्याकडे मी पुन्हा जातो.

जाताना वही ठेवा: तारीख, टाकी कधी भरली, तीन वास, एक तक्रार. महिन्याभराने त्याच ठिकाणी तीच बिअर मागवा आणि जुनं पान न उघडता नवं लिहा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.