मीटर शून्य दाखवतोय? मग आधी मीटरवर संशय घ्या: रेडिएशन मोजताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपात एक मुलगा रेडिएशन मोजायचा सर्व्हे मीटर घेऊन आला. "काका, मीटर मस्त चालतोय, फक्त कॅलिब्रेशनची (प्रमाणाशी ताळा बघण्याची) तारीख उलटलीय." मी बटण दाबलं. काटा शून्यावर, आवाज नाही. "बॅकग्राउंड, म्हणजे सगळीकडे असतंच ते नैसर्गिक रेडिएशन, कुठंय?" मी विचारलं. "आमच्या साइटवर नसतंच बॅकग्राउंड. एकदम क्लीन!"

ठाण्यात जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे केरळच्या किनाऱ्यासारखे आकडे इथे येत नाहीत. पण शून्यही येत नाही. तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे रेडिएशन डोसचं एकक) आसपास काहीतरी असतंच, आणि लहानशा गायगर ट्यूबलाही (किरण शिरला की ठोका देणारी नळी) मिनिटाला दहा-पंधरा ठोके पडतात. मिनिटभर एकही ठोका नाही म्हणजे मीटर मेलेला. प्रोबची (मीटरला जोडलेल्या सेन्सरची) केबल कनेक्टरपाशी आतून तुटली होती.

मी अणुवीज केंद्रातल्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बरीच वर्षं काढली, आणि तिथेही मूळ चूक हीच. प्रेशर गेज बिघडून शून्यावर आला तर कुणीतरी ओरडतोच, कारण तिथे प्रेशर असायलाच हवं. रेडिएशनचा मीटर मेला की नेमकं आपल्याला हवं तेच उत्तर देतो. मग कोण कशाला तक्रार करेल?

म्हणून वापरण्याआधी रोज मीटरला चेक सोर्स (ठरावीक ताकदीचा छोटा किरणोत्सर्गी नमुना) दाखवायचा. प्रोब दर वेळी त्याच खुणेवर ठेवायचा आणि आकडा लिहायचा. अपेक्षेपेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मीटर बाजूला. यात एक गंमत हमखास होते. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य (ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षं, म्हणजे सोर्स दर वर्षी दोन टक्क्यांहून थोडा जास्त उतरतो. दहा वर्षांत जवळजवळ २० टक्के. कोबाल्ट-६० तर वर्षाला १२ टक्के उतरतो. डब्यावर चिकटवलेला आकडा मात्र खरेदीच्या दिवशीचा. मग एखादा हुशार मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन आतला पॉट (आकडा वर-खाली करायचा स्क्रू) फिरवतो आणि जुना आकडा 'जुळवतो'. उतरला होता सोर्स, बिघडवला मीटर. पॉटला हात फक्त कॅलिब्रेशन लॅबमध्ये.

याहून वाईट चूक स्केलच्या वरच्या टोकाला होते. गायगर ट्यूबला एका ठोक्यानंतर सावरायला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात. फील्ड (त्या जागेचं रेडिएशन) फार वाढलं की ठोके एकमेकांत मिसळतात, आणि जुन्या सर्किटमध्ये काटा वर जाऊन थरथरतो आणि चक्क खाली येतो. बघणारा म्हणतो, "कमी झालं." आधुनिक मीटर 'ओव्हर' दाखवतो, पण लिहिणारा माणूस जुनाच असतो. १९८६ साली चेर्नोबिलमध्ये पहिला आकडा वर कळवला गेला तो ताशी ३.६ रॉन्टजेन (रेडिएशनचं जुनं एकक). तो हाताशी असलेल्या उपकरणांच्या स्केलचा शेवट होता. खरं फील्ड काही ठिकाणी हजारोंत होतं. हा धडा शिकलो म्हणावं, तर २०१३ च्या ऑगस्टमध्ये फुकुशिमात पाण्याच्या टाकीजवळ ताशी १०० मिलिसिव्हर्ट नोंदले गेले. तो मीटर १०० च्या पुढे मोजूच शकत नव्हता. दुसरा मीटर आणला तेव्हा १,८०० निघाले. काटा टोकाला टेकला की वहीत '१००' लिहू नका, '१०० च्या वर' लिहा, मागे फिरा आणि मोठ्या रेंजचा आयन चेंबर (ठोके न मोजता करंट मोजणारा मीटर) आणा.

आकडा जास्त आला की मात्र लगेच "मीटर बिघडला असेल" म्हणतात. क्रम असा ठेवा: आधी मागे सरका, मग दुसऱ्या मीटरने मोजा, शंका त्यानंतर. खोटे आकडे येतात, नाकारत नाही. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की काही मीटर उड्या मारतात. सिंटिलेशन प्रोबच्या (किरण पडला की आत प्रकाश चमकतो, तो मोजणाऱ्या प्रोबच्या) पातळ मायलर खिडकीला टाचणीएवढं भोक पडलं तर आत उजेड शिरून काउंट भडकतो. वर काळं कापड टाका, काउंट बसला तर दोष खिडकीचा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आयन चेंबर रांगेने येतात. त्यांच्या सर्किटमधला रोध इतका प्रचंड असतो की इन्सुलेटरवरच्या दमटपणातूनही करंट गळतो आणि काटा आपोआप सरकतो. आतली सिलिका जेल निळीची गुलाबी झाली की उत्तर मिळालं.

बाहेरचा मॉनिटर पहिल्या जोरदार सरीत वाढतो तेव्हा बहुतेक वेळा रेडॉनची पिल्लं (हवेतल्या रेडॉन वायूपासून बनणारे किरणोत्सर्गी पदार्थ) पावसाबरोबर खाली आलेली असतात. शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांची अर्धायुष्यं साधारण २७ आणि २० मिनिटं. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा उतरला तर रेडॉन. नाही उतरला, तर पावसाच्या नावावर खपवू नका.

चुकीचा प्रोब ही चूक थोडक्यात. तारापूर (२०१४ पर्यंत हे आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं) इथल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या युनिटमध्ये जड पाणी वापरतात, आणि जड पाण्यात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं. त्याचा बीटा कण जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तो गायगरच्या खिडकीतून आतच येत नाही. तिथे हवेचा नमुना पाण्यातून बुडबुडवून मोजायचा आणि माणसाची लघवी तपासायची. एककातही घोळ होतो: एक मिलिरॉन्टजेन म्हणजे साधारण दहा मायक्रोसिव्हर्ट, हे भिंतीवर लिहून ठेवा.

आणि जागेशिवाय आकडा सांगू नका. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातात हेलिकॉप्टरने चिमणीच्या वर ताशी १,२०० मिलिरॉन्टजेन मोजले. दूर बसलेल्या अधिकाऱ्यांनी तो आकडा केंद्राच्या आवाराबाहेरचा समजला, आणि लोकांना हलवण्याच्या शिफारशीपर्यंत गोष्ट गेली. मीटर ठणठणीत होता.

जागेवर कायम बसवलेल्या एरिया मॉनिटरचा फॉल्ट अलार्म वारंवार वाजतो म्हणून त्याला वायर जोडून गप्प करणारे महाभाग मी पाहिलेत. काउंट बॅकग्राउंडच्याही खाली गेला की तो वाजतो. मेलेला मीटर ओळखायची ती एकच सोय, आणि तीच बंद! वीज आणि लिंकही बघा: २०११ मध्ये फुकुशिमा प्रांताच्या २४ मॉनिटरिंग स्टेशनांपैकी २३ भूकंप-त्सुनामीत निकामी झाली.

सगळ्यात दुर्लक्षित काम दुरुस्तीनंतरचं. मीटर मेलेला सापडला की केबल बदलून मोकळं होऊ नका. कधीपासून मेला होता, ते शोधा. शेवटच्या खऱ्या चेक सोर्स नोंदीपर्यंत मागे जा. मधले सगळे सर्व्हे संशयास्पद धरा, जागा पुन्हा मोजा, आणि त्या दिवसांत काम केलेल्यांचे टीएलडी बॅज (अंगावर लावलेले, डोस साठवणारे बिल्ले) तिमाही संपायची वाट न पाहता आरएसओकडून (रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याकडून) वाचायला पाठवा.

त्या मुलाला मी हेच सांगितलं आणि नोंदवही मागवली. दुसऱ्या दिवशी त्याने ती आणली. तीन महिने रोज 'चेक सोर्स ओके'. एकच अक्षर, एकच पेन, आणि शेवटची नोंद पुढच्या शुक्रवारची.