निकाल लागेपर्यंतची वर्षं: स्पर्धा परीक्षेची तयारी करताना स्वतःला कसं सांभाळावं

राज्यसेवेची पूर्व परीक्षा 25 ऑगस्ट 2024 ला होणार होती. त्याच दिवशी बँकांची आयबीपीएसची परीक्षा आली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं (एमपीएससी) परीक्षा पुढे ढकलली. ती झाली 1 डिसेंबरला. मुलांची मागणी रास्तच होती. पण पुढे ढकलणं म्हणजे कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, आणखी तीन महिन्यांचं भाडं, आणखी तीन महिन्यांची मेस आणि अभ्यासिकेची फी. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत राहून तयारी करणाऱ्यांना यात नवं काही नाही. जाहिरात कधी येणार, कटऑफ कुठं थांबणार, निवड झाल्यावर नियुक्तीपत्र कधी मिळणार, यातलं काहीही त्यांच्या हातात नसतं.

म्हणून मग सगळंच "पोस्ट निघाली की बघू", म्हणजे निवड झाली की बघू, या खात्यात जमा होतं. झोप, दाताचं दुखणं, मित्राचं लग्न, थोडीफार कमाई, सगळं. माझं ठाम मत आहे की या गोष्टी निकालावर टांगून ठेवायच्या नसतात. त्या सांभाळल्या तरच अभ्यासही टिकतो. सुरुवात सगळ्यात अवघड गोष्टीपासून करा.

1. थांबायची तारीख आजच लिहून काढा

यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी 32 वर्षं वय आणि सहा अटेम्प्ट अशी मर्यादा आहे, म्हणजे तिथं नियमच कधीतरी थांबवतो. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ही वयाची मर्यादा. बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन पुण्यात आलेल्या मुलाला वयाची अट पुढची सोळा वर्षं अडवत नाही. ही सवलत खेड्यातून उशिरा आलेल्यांसाठी मोलाची आहे. पण "अजून वय आहे" हे वाक्य किती वर्षं गिळतं, ते पेठेत राहणाऱ्या कुणालाही विचारा.

एका कागदावर तीन ओळी लिहा. पूर्णवेळ तयारी कोणत्या महिन्यापर्यंत करणार. घरून किती पैसे घेणार आणि त्या आकड्यापुढे घेणार नाही. अपवाद कोणता. अपवाद लिहिणं फार महत्त्वाचं आहे. उदाहरणार्थ, "त्या महिन्यात मेन्सचा, म्हणजे मुख्य परीक्षेचा, निकाल किंवा मुलाखत बाकी असेल, तर तेवढा टप्पा पुरा करीन." हे लिहिलेलं नसलं की "एका मार्कानं गेली, आता पुढच्या वेळी नक्की" हाच दरवर्षीचा अपवाद होतो.

तारीख निकालाच्या आठवड्यात ठरवू नका. त्या दिवसांत माणूस एकतर सगळं सोडायला निघतो, नाहीतर हट्टाला पेटतो. मन शांत असताना, शक्यतो गावी गेल्यावर, घरच्यांसमोर बसून ठरवा. थांबायचं म्हणजे परीक्षा कायमची सोडायची असंही नाही. नोकरी धरून फॉर्म भरत राहणारे पुष्कळ आहेत. पूर्णवेळ वाट बघणं तेवढं थांबतं.

2. घरच्या फोनला खरी माहिती द्या

बहुतेक फोन असे होतात:

"काय म्हणतोय अभ्यास?"
"चाललाय, अप्पा."
"निकाल कधी?"
"लागला की सांगतो."

दोघंही फोन ठेवतात आणि दोघांच्याही जिवाला घोर. त्याऐवजी सांगून बघा: "अप्पा, परीक्षा पुढं गेली. आता डिसेंबरात हाय. मला खर्चाला तीन महिने जास्त लागतील, पण मी संध्याकाळी दोन तास शिकवणी धरतोय. पेपर झाला की दोन दिवस गावी येतो." यात चांगली बातमी एकही नाही. पण अप्पांना पुढचं दिसतं आणि गावात कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी असतं. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून घ्या, म्हणजे अवेळी वाजलेल्या फोननं छातीत धस्स होणार नाही.

3. दिवसाला दोन खुंट्या ठोका

अभ्यासाचे तास मोजत बसू नका. उठायची वेळ आणि दिवे मालवायची वेळ पक्की करा, बाकीचं वेळापत्रक त्यावर आपोआप बसतं. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसून सकाळी दहाला उठणाऱ्याचा नाश्ता जातो, ऊन जातं आणि दुपारी मेसच्या जेवणानंतर डोळे मिटतात. रोज अर्धा तास तरी चाला. पर्वतीच्या 103 पायऱ्या या मुलांना जवळच आहेत, फुकट आहेत. तिथं चालू घडामोडी ऐकत चढू नका, कान मोकळे ठेवा.

4. टेलिग्रामवरचे निकाल

"आज संध्याकाळी यादी लागतेय, आतली बातमी" असा मेसेज आला की अख्ख्या अभ्यासिकेची दुपार जाते. आयोगाचं संकेतस्थळ दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी बघा. बाकी ग्रुप म्यूट करा. निकाल लागलाच तर शेजारचा तुम्हाला हलवून सांगेल.

5. दुसरी वाट नुसती मनात ठेवू नका, तिच्यावर चाला

"प्लॅन बी आहे माझा" असं सांगणाऱ्याला विचारा, या महिन्यात त्यासाठी काय केलंस? लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. रोज तासभर बसलं तर ते हाती येतं आणि परीक्षा हुकली तरी वाया जात नाही. कुणी शिकवणी घेतं, कुणी हिशेबाचं काम शिकतं. आपल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाच्या आणि विद्यावेतनाच्या योजना निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. महिन्याला स्वतःचे दोन-तीन हजार आले तरी मेसवाल्या काकांसमोर मान ताठ राहते. हा ताठपणा अभ्यासाला उपयोगी पडतो, असं मी पाहत आलोय.

6. लग्नकार्यात विचारलं तर

"सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला एकच छोटं उत्तर तयार ठेवा: "तयारी चालू आहे, सोबत शिकवणी घेतो. तुमची तब्येत कशी आहे, मामा?" स्पष्टीकरण देत बसू नका. या प्रश्नाच्या भीतीनं लग्नाला जाणं मात्र टाळू नका. दोन-तीन वर्षं कुठंच गेलं नाही की बोलावणीही हळूहळू बंद होतात.

7. नाव नसेल त्या दिवशी

त्या दिवशी एकट्यानं यादी उघडू नका. सोबत कुणीतरी असू द्या. मित्राचं नाव असेल तर गुलालाला जा, जमत नसेल तर सरळ सांगा की उद्या भेटतो. आठवडाभर मोठा निर्णय नको, पुस्तकं रद्दीत घालणं नको आणि नव्या क्लासची फी भरणंही नको.

वाईट वाटणारच, आठ-दहा दिवस जेवण गोड लागणार नाही. पण दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, अंघोळीलाही उठवत नसेल, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं सारखं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर खोलीतल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

रूममेट गप्प झाला असेल, सामान वाटत सुटला असेल, "आता काय उरलंय" असं बोलत असेल, तर आडून विचारू नका. "जीव द्यायचं मनात येतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात नव्यानं येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याच्या घरी कळवा, त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि तो "मी ठीक आहे, तू जा" म्हणाला तरी घरचं माणूस येईपर्यंत त्याला खोलीवर एकटं सोडू नका.