मोगलीच्या कार्टूनचा इतिहास आपल्या गावात बसून कसा काढायचा

वैनगंगेच्या काठावर शाळेची सहल नेली की मी पोट्ट्यांना सांगतो, मोगलीच्या गोष्टीतला शेर खान याच नदीच्या काठी राहायचा. आधी ते हसतात आणि मग एखादी पोरगी विचारतेच की सर ते कार्टून तर जपानचं आहे नं, मग आपली नदी त्याच्यात कशी काय आली. हा प्रश्न मला इतका आवडला की आम्ही त्याच्यावर सुट्टीचा प्रकल्पच केला, सहावी-सातवीची मुलं घेऊन, पवनीकडच्या एका खेड्यात, आणि आता दोन वेळा करून झाल्यावर कसं करायचं ते नीट लिहून काढतो आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाला करायचं असेल तर आमच्यासारखं चाचपडायला लागू नये.

सामान फार लागत नाही. एक दोनशे पानी वही, आवाज रेकॉर्ड होईल असा मोबाइल, आणि ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्ही पाहिला अशी गावातली पाच-सात माणसं. वहीच्या पानावर तीन खाने पाडा: पडद्यावर किंवा कागदावर दिसलेलं, माणसानं स्वतः पाहिलेलं, आणि ऐकीव. प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी एकाच खान्यात जाते. हे आधी केलं नाही तर महिनाभरानं सगळं एकत्र कालवलं जाते आणि मग वेगळं करता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

सुरुवात पुस्तकापासून करा, कार्टूनपासून नको. रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, पण जंगल बुक त्यानं लिहिलं अमेरिकेत व्हरमाँटला बसून, पहिलं पुस्तक आलं १८९४ ला आणि दुसरं १८९५ ला. गोष्ट सुरू होते शिवनीच्या डोंगरात, उकाड्याची संध्याकाळ, सात वाजलेले. शिवनी म्हणजे आपल्या नागपूर-जबलपूर रस्त्यावरचं, मनसर, देवलापार, खवासा ओलांडून पुढे गेलं की. शेर खान राहतो तिथून वीस मैलांवर वैनगंगेच्या काठी, म्हणजे साधारण बत्तीस किलोमीटर. किपलिंगनं शिवनीचं जंगल स्वतः पाहिलं नव्हतं असंच मानतात, त्यानं आधार घेतला तो स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७७ च्या पुस्तकाचा, ज्यात सातपुड्यातल्या तंबूमुक्कामाचं आणि शिकारीचं वर्णन आहे. मुलांना नकाशा द्या आणि वैनगंगा बोटानं उगमापासून खाली आणायला सांगा, शिवनी जिल्ह्यातलं मुंडारा, मग बालाघाट, भंडारा, पवनी आणि खाली गडचिरोलीकडे. आमच्या वर्गात हे झालं तेव्हा सगळे एकदम शांत झाले होते. आपल्या घरामागून वाहणारी नदी एवढ्या जुन्या गोष्टीत आहे हे कळणं लहान पोराला किती मोठं वाटते ते समोर बसून पाहावं लागते.

आता मोजणी. पहिल्या पुस्तकात सात गोष्टी आहेत, त्यातल्या मोगलीच्या फक्त तीन. दुसऱ्यात आठ, त्यातल्या मोगलीच्या पाच. झाल्या आठ. आणि जपानी कार्टूनचे भाग आहेत बावन्न! आठ गोष्टींचे बावन्न भाग कसे झाले, हा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पडद्यामागचा अर्धा इतिहास याच प्रश्नाच्या पोटात आहे. मुलांना चार-पाच भाग दाखवा आणि पुस्तकात नसलेलं काय दिसते त्याची यादी करायला लावा. किची नावाचं पात्र सापडतेच सापडते. ते रेड पांडा आहे, आणि रेड पांडा हिमालयातल्या थंड जंगलातला प्राणी, शिवनीत काय नि नागझिऱ्यात काय, तो कुठंच नाही. म्हणजे लिहिणाऱ्यांनी आठवड्यामागून आठवडे गोष्ट चालवायला, लहान मुलांना जीव लावायला नवे सोबती जन्माला घातले. याला चूक म्हणू नका, त्याला रूपांतर म्हणतात, आणि मुलांना हा फरक समजावून सांगायला एक अख्खा तास द्या. उलट बाजूनं पण बघा, पुस्तकात दख्खनकडून येणाऱ्या रानकुत्र्यांची एक थरारक गोष्ट आहे, ती रानकुत्री ताडोबात-नागझिऱ्यात आजही आहेत, आमच्याकडची म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल बरंच सांगतात. ही गोष्ट कार्टूनमध्ये कुठं येते, कशी बदलते, ते मुलांनाच शोधू द्या.

यानंतर नावांच्या पाट्या. कोणत्याही कार्टूनच्या सुरुवातीला आणि शेवटी जी नावं सरकत जातात ती आपण पाहतच नाही, पण इतिहास काढणाऱ्यासाठी तीच सातबारा. व्हिडिओ थांबवा, फोटो काढा, जपानी अक्षरं असली तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर होते, अर्थ अगदी बरोबर येत नाही पण नाव आणि काम कळते. मोगलीच्या या मालिकेसाठी वहीत एवढं पक्कं लिहा: निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं बनवली, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा, जपानमध्ये टीव्ही टोकियो या चॅनलवर ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० दाखवली गेली. हिंदीत जी प्रत आपल्याला मिळते तिच्यात या पाट्या पुष्कळदा कापलेल्या असतात म्हणून जपानी प्रतीचा एखादा भाग शोधाच.

काम कसं चालायचं हे नुसतं सांगून समजत नाही, करून दाखवावं लागते. त्या काळी कॉम्प्युटरवर नाही, पारदर्शक शीटवर हातानं चित्रं रंगवायचे, खाली वेगळं रंगवलेलं जंगल ठेवायचे आणि वरून कॅमेऱ्यानं एकेक फोटो घ्यायचे. फिल्म सेकंदाला चोवीस फोटो चालते, पण टीव्हीच्या जपानी कार्टूनमध्ये एकच चित्र बहुतेक तीन-तीन फोटो धरून ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, मिनिटाला चारशे ऐंशी. मुलांना जुन्या वहीच्या कोपऱ्यावर उडी मारणारा लांडगा काढायला लावा, सोळा पानं, भरभर उलटली की दोन सेकंदांचं कार्टून तयार. आमच्या एका पोट्ट्याला ही सोळा चित्रं काढायला पूर्ण दुपार लागली आणि मग तो स्वतःच म्हणाला, सर बावन्न भाग कसे काढले असतील हो. तेव्हा त्याला काटकसरीच्या युक्त्या दाखवा: बोलताना फक्त तोंड हलते, बाकी चेहरा तसाच, लांडगे पळतात ती तीच-तीच चित्रं पुन्हा येतात, कधी चित्र न हलवता मागचं जंगलच सरकवतात. एकच पळापळ दोन वेगवेगळ्या भागांत शोधून काढा असं सांगितलं की वर्ग अक्षरशः पडद्याला नाक लावून बसतो.

डबिंगची पायरी सगळ्यात मजेची आहे. मूळ मालिकेत बोलणं वेगळ्या पट्टीवर आणि संगीत-आवाज वेगळ्या पट्टीवर असले की दुसऱ्या भाषेत नेताना फक्त बोलणं बदलता येते. हिंदीत आणताना गाणंच नवीन केलं, शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजचं, आणि शेर खानला आवाज नाना पाटेकरांचा. जपानमध्ये हे गाणं नव्हतंच, ते आपल्याकडचं आहे, हे ऐकून मोठी माणसंसुद्धा चाट पडतात. एक मिनिटाचा तुकडा आवाज बंद करून लावा आणि मुलांना आपल्या झाडी बोलीत बोलू द्या, ओठ थांबले की वाक्य संपलं पाहिजे एवढी एकच अट. वाक्य लांब झालं की कापावं लागते, छोटं झालं की भरावं लागते, तिथं त्यांना लिहिणाऱ्याची कसरत कळते.

इथं एक सावधगिरी. मोगली एक नाही. डिस्नीचा सिनेमा १९६७ चा, रशियातली पाच छोट्या फिल्मची मालिका १९६७ ते १९७१ ची, जपानचं हे १९८९ चं, आणि २०१६ चा डिस्नीचा नवा सिनेमा, ज्याच्या हिंदी रूपात पुन्हा शेर खानला नानांचाच आवाज आणि जुनं गाणंही नव्यानं केलेलं. लोक आठवणी सांगताना हे सगळे एकमेकांत घालतात, म्हणून मुलाखत घेताना आधी चित्र दाखवून विचारा, हाच का?

आता प्रक्षेपण, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण बाकीचं कुठंतरी लिहून ठेवलेलं आहे, हे फक्त आपल्या माणसांच्या डोक्यात आहे. आपल्याकडे ही मालिका दूरदर्शनवर आली १९९३ च्या सुमारास, इतवारी सकाळी. कार्यक्रम दिल्लीहून उपग्रहावर जायचा, उपग्रहावरून ठिकठिकाणच्या ट्रान्समीटरवर, आणि तिथून आपल्या अँटिनावर. लहान ट्रान्समीटर १०० वॅटचे, त्यांचा पल्ला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, त्याच्या पलीकडच्या गावाला उंच बांबू, बूस्टर आणि पडद्यावर मुंग्या. म्हणून प्रत्येकाला हे विचाराच की तुमचा अँटिना कोणत्या दिशेला तोंड करून होता. आठ-दहा गावांचे बाण नकाशावर काढले की ते बाण एकाच जागेकडे जातात, आणि तुमच्या भागाला कुठून चित्र मिळायचं ते कळते. कोणत्याही पुस्तकात हे मिळणार नाही.

विजेचं पण विचारा. भारनियमन असलं की ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यावर टीव्ही चालवायचे, लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बारा व्होल्टवर चालायचा. बॅटरी कुठून चार्ज करून आणायचे, सायकलवर की बंडीत, टीव्ही कोणाच्या छपरीत ठेवायचे, पोट्टे कुठं बसायचे आणि बाया कुठं, कोणाला दारातूनच बघावं लागायचं, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा प्रश्न विचारायला जड जाते पण तो सोडू नका.

साल कधीच सरळ विचारू नका. पहिल्या वर्षी मी विचारलं, त्र्याण्णवची गोष्ट होय नं काका, आणि सगळ्यांनी हो म्हटलं, कारण मास्तरनं विचारलं. ती सगळी पानं मला फाडावी लागली. त्याऐवजी खुणा लावा. रामायण १९८७-८८ ला लागायचं, त्याच्या किती नंतर? किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा हे कार्टून लागत होतं का? नागपूरला मोर्चात गोवारी समाजाचे बांधव चेंगरून गेले, २३ नोव्हेंबर १९९४, ११४ जीव गेले, त्या दिवसाबद्दल विचारताना हळू विचारा, आमच्या भागात अजून घराघरात ते दुःख आहे, पण त्याच्या आधीचं की नंतरचं हे माणूस अचूक सांगतो. तू तेव्हा कितवीत होतीस, हे तर सगळ्यात चांगलं. आणि रंगांच्या आठवणी वेगळ्या खान्यात टाका. आमच्याकडे तीन जणांनी शेर खान पिवळाजर्द होता म्हणून शपथेवर सांगितलं आणि गावात रंगीत टीव्ही तेव्हा नव्हताच. ते खोटं बोलत नाहीत, नंतर पाहिलेला रंग जुन्या आठवणीला चढतो.

मग वर्तमानपत्र. खुणांवरून दोन-तीन वर्षांचा पट्टा मिळाला की जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात जाऊन त्या वर्षांच्या रविवारच्या अंकांत दूरदर्शनच्या कार्यक्रमाची चौकट बघा, लोकमत, तरुण भारत, हितवाद, जे मिळेल ते. फोटो काढताना पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान हे चारही एका फोटोत आले पाहिजेत. छापलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ, त्या दिवशी खरंच लागलं की क्रिकेटची मॅच आली हे गावातला माणूसच सांगेल, दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. एका वाचनालयात आम्ही गेलो तर त्या वर्षांचे गठ्ठे रद्दीत गेले होते, मुलं फार हिरमुसली, म्हणून आधी चौकशी करून जा आणि दोन ठिकाणं हाताशी ठेवा.

शेवटी प्रत्येक घराचं एक पान करा: गाव, टीव्ही कोणाचा, कुठं ठेवलेला, अँटिनाची दिशा, सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय. पवनी-कुहीकडच्या लोकांनी जुन्या गावाचं पान वेगळं करावं. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, नंतर पाणी भरत गेलं आणि कितीतरी गावं उठून पुनर्वसनात गेली, ज्या छपरीत मोगली पाहिला ती छपरीच आता वैनगंगेच्या पाण्याखाली आहे. माझ्या मामीचं गाव त्यातलंच. तिचं पान लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं, हे सगळ्यांनीच करावं, लिहिलेलं सांगणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय पान पूर्ण झालं असं समजू नका. मामीनं सगळं डोळे मिटून ऐकलं आणि एकच दुरुस्ती केली, "अँटिना कवेलूवर नोहता बावा, निंबाच्या झाडाले बांधला होता."