कुस्तीचं मैदान लाइव्ह दाखवताय? आधी डिस्कचा हिशेब करा

कोल्हापूरच्या खासबागेत मुख्य जोड लागायची वेळ आणि सर्व्हरची डिस्क भरलेली, म्हणजे प्रक्षेपण तिथंच चितपट. बहुतेक वेळा डिस्क लहान नसते, साफसफाई केलेली नसते.

१. जागा मोजा. बिटरेटच्या (सेकंदाला किती डेटा जातो त्याच्या) मेगाबिटला ०.४५ ने गुणलं की ताशी जीबी मिळतात. १०८०पीला ५, ७२०पीला २.५, ४८०पीला १ धरलं तर बेरीज ८.५, म्हणजे तासाला ३.८ जीबी. कॅमेऱ्याचं मूळ चित्रण ८ मेगाबिटनं ठेवलंत तर आणखी ३.६. आठ तासांच्या मैदानाला साधारण ६० जीबी लागतील.

२. लाइव्हचे तुकडे (प्रक्षेपण काही सेकंदांच्या छोट्या फाइलींत कापलेलं असतं, त्या) एसएसडीवर, मूळ रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर आणि सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. सगळं एकत्र असेल तर रेकॉर्डिंगनं जागा खाल्ली की मशीनच अडतं.

३. जुने तुकडे खरंच पुसले जातायत का, ते बघा. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. एफएफएमपेग (व्हिडिओचे तुकडे करणारा प्रोग्राम) एचएलएसच्या (तुकड्यांनी लाइव्ह दाखवायच्या पद्धतीच्या) यादीत काही सेटिंग न बदलता शेवटचे ५ तुकडे ठेवतं. सहावा आला की पहिला यादीतून जातो, पण त्याची फाइल डिस्कवर तशीच पडून राहते. ‘डिलीट सेगमेंट्स’ (delete_segments) हा फ्लॅग दिला तरच ती पुसली जाते. तुकडा ६ सेकंदांचा आणि दर्जे तीन असतील तर तासाला १,८०० फाइली होतात, आठ तासांत १४,४००!

४. फाइल पुसूनही जागा सुटत नसेल तर ती कुठल्यातरी प्रोग्रामनं उघडी धरलेली असते. लॉगच्या (प्रोग्रामच्या नोंदींच्या) फाइली हाताने पुसल्या की हे हमखास होतं. ‘एलसॉफ +एल१’ (lsof +L1) ही कमांड चालवा, प्रोग्रामचं नाव दिसेल. तो रीस्टार्ट केला की जागा सुटते. चालू प्रक्षेपणात मात्र हे करू नका.

५. ४ टीबीची डिस्क ३.६ दिसते, त्यात दुकानदाराचा दोष नाही. कंपनी १००० नं मोजते, लिनक्स १०२४ नं. शिवाय ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम रूटसाठी (मुख्य अ‍ॅडमिनसाठी) ५ टक्के राखून ठेवतं, म्हणजे जवळपास २०० जीबी. फक्त डेटाच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस -एम १’ (tune2fs -m 1) देऊन ते १ टक्क्यावर आणा.

६. रेड (तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणं) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पुराचं पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच कपाटात बॅकअप, असं करू नका. दुसरी प्रत उंचावरच्या भागात ठेवा आणि पावसाळ्याआधी तिच्यातली एखादी कुस्ती मधूनच चालवून बघा.